सूखी, संचीत, सन्नीध: वृत्त ओळखणाऱ्या एका प्रोग्रॅमचं प्रकरण

पोटापाण्यासाठी मी बँकांच्या व्यवहारांचा ताळा जुळवणारं सॉफ्टवेअर लिहिते. तिथे एक पैसा इकडचा तिकडे झाला तर रात्री फोन येतो. संध्याकाळचं वाचन मात्र माझं स्वतःचं आहे. त्याला गेल्या काही वर्षांत एक सवय जडली आहे. वाचताना जिथे ‘हे करून बघता येईल’ असं वाटतं, तिथला पान क्रमांक आणि मनात आलेला प्रश्न मी एका दोनशेपानी वहीत लिहून ठेवते. वहीतले बरेच प्रश्न तिथेच राहिले, थोड्यांचे प्रोग्रॅम झाले. त्यांतलं एकच प्रकरण इथे पहिल्यापासून मांडते आहे. या प्रोग्रॅमने मला जे वाचायला लावलं ते मी एरवी वाचलं नसतं, आणि ते वाचायला लावलं त्याच्या चुकांनी.

आधी, तुलनेसाठी, एका संध्याकाळीच संपलेला प्रयोग सांगते. भास्कराचार्यांच्या बीजगणितात चक्रवाल नावाची रीत आहे. प्रश्न असा: अशी संख्या शोधा, जिच्या वर्गाला ६१ ने गुणून १ मिळवला की पुन्हा एक पूर्ण वर्ग मिळतो. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० आहे आणि जो वर्ग मिळतो तो १,७६,६३,१९,०४९ चा. फ्रेंच गणितज्ञ फर्माने १६५७ मध्ये युरोपातल्या गणितज्ञांपुढे हाच ६१ ठेवला. भास्कराचार्यांचा सिद्धान्तशिरोमणी त्याच्या ५०० वर्षं आधीचा, ११५० चा. चाळीसगावजवळच्या पाटण्याच्या शिलालेखात त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याची नोंद आहे. हे वाचून मी भारावून गेले, पायथनमध्ये वीसेक ओळी लिहिल्या, आणि पडद्यावर तेच दोन आकडे उमटले. आनंद खरा होता. पण पुस्तक तिथेच मिटलं. उत्तर पहिल्याच फटक्यात बरोबर आल्यामुळे पुन्हा पानाकडे जायचं कारणच उरलं नाही.

वृत्ताचं प्रकरण याच्या नेमकं उलट घडलं.

प्रश्न कुठून आला

आमच्या घरी दिवेलागणीला आजी मनाचे श्लोक म्हणायची. २०५ श्लोक, सगळे भुजंगप्रयात वृत्तात. मला अर्थ कळायच्या आधी त्याची चाल पाठ झाली होती. पुढे शाळेत ‘यमाताराजभानसलगं’ घोकलं, परीक्षेत गण पाडले आणि विसरून गेले. मग नोकरी लागल्यावर ग्रंथालयातून माधव जूलियनांची ‘छंदोरचना’ घरी आणली, १९३७ मध्ये आलेली विस्तारित आवृत्ती. फारसीचे प्राध्यापक असलेल्या कवीने मराठी पद्याचा एकेक सांधा उलगडून बघावा, आणि तोही इतक्या धीराने, हे मला थक्क करणारं होतं. त्या रात्री वहीत लिहिलं: ‘कवितेची ओळ दिली तर वृत्त सांगता येईल का?’

सूत्राकडे पुन्हा पाहिलं तेव्हा प्रोग्रॅमरच्या डोळ्यांना आणखी एक गोष्ट दिसली. लघू म्हणजे ० आणि गुरू म्हणजे १ धरलं तर यमाताराजभानसलगं हे ०१११०१०००१ असं होतं. यातली कुठलीही लागोपाठची तीन अक्षरं घ्या, आठही गण एकेकदा येतात, कुठलाही दोनदा येत नाही. शेवटची दोन अक्षरं सुरुवातीच्या दोनांसारखीच असल्यामुळे टोकं जोडून आठ अक्षरांचं वर्तुळही करता येतं. अशा रचनेला गणितात डच गणितज्ञ डी ब्रुइन यांचं नाव आहे, त्यांच्या १९४६ च्या लेखामुळे. शाळेत जे मी छडीच्या धाकाने पाठ केलं, त्यात एवढं कसब भरलेलं होतं.

पहिली आवृत्ती

काम तीन पायऱ्यांचं होतं: ओळीची अक्षरं पाडायची, प्रत्येक अक्षर लघू की गुरू ते ठरवायचं, आणि येणारा क्रम वृत्तांच्या यादीशी जुळवायचा.

पहिली पायरी सोपी वाटते, पण कॉम्प्युटरला ‘अक्षर’ म्हणजे काय ते ठाऊक नसतं. ‘क्षा’ आपल्याला एक अक्षर दिसतं. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरसंचात, ते चार तुकड्यांत साठवलेलं असतं: क, पाय मोडल्याची खूण, ष आणि काना. ‘नि’ लिहिताना वेलांटी आधी दिसते, पण साठवताना ती न नंतर येते. म्हणून आधी व्यंजनं, पाय मोडलेली व्यंजनं, स्वरचिन्हं आणि अनुस्वार यांची मोट बांधून एकेक अक्षर उचलणारी रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातून ठरावीक साचा शोधणारं सूत्र) लिहिली. दुसऱ्या पायरीचे नियम व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात आहेत. ऱ्हस्व स्वर लघू, दीर्घ स्वर गुरू, अनुस्वार किंवा विसर्ग असेल तर गुरू, आणि पुढे जोडाक्षर आलं तर आधीचं ऱ्हस्व अक्षरही गुरू.

तिसऱ्या पायरीत छंदशास्त्रकार पिंगलाच्या परंपरेतला प्रस्तार कामी आला. बारा अक्षरांच्या ओळीत लघुगुरूंच्या ४०९६ रचना शक्य असतात. प्रस्तारात त्या ठरलेल्या क्रमाने मांडतात, पहिली ओळ सगळी गुरूंची. इथे उलट, गुरू म्हणजे ०, लघू म्हणजे १, आणि पहिलं अक्षर एककाच्या घरात, अशी द्विमान संख्या (१, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाणारी घरं) धरली की भुजंगप्रयाताचे चार लघू (पहिलं, चौथं, सातवं आणि दहावं अक्षर) मिळून ५८५ होतात, अधिक एक म्हणजे ५८६. बारा अक्षरांच्या प्रस्तारात भुजंगप्रयाताची जागा ५८६ वी. माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक वृत्ताची ओळख म्हणून हाच क्रमांक वापरला आहे, वेगळी खूण शोधायची गरजच पडली नाही.

चाचणीसाठी अर्थात आजीचे मनाचे श्लोक घेतले. २०५ श्लोक म्हणजे ८२० चरण, आणि उत्तर सगळ्यांचं एकच यायला हवं: ५८६. इतकी नितळ कसोटी मला ऑफिसमध्येही कधी मिळालेली नाही. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा’ हा पहिला चरण टाकला आणि पडद्यावर ५८६ आलं.

दुसऱ्याच श्लोकात अडखळणं

दुसऱ्या श्लोकाचा तिसरा चरण आहे ‘जनीं निंद्य तें सर्व सोडूनि द्यावें’. प्रोग्रॅम म्हणाला, दहावं अक्षर गुरू, वृत्त जुळत नाही.

दहावं अक्षर ‘नि’. पुढे ‘द्या’ हे जोडाक्षर, म्हणून नियमाप्रमाणे ‘नि’ गुरू. संस्कृत श्लोकात ते तसं धरलंही असतं, कारण तिथे पुढच्या शब्दाच्या आरंभीचं जोडाक्षर मागच्या शब्दावर भार टाकतं. मी कोड उलटंपालटं तपासलं, चूक सापडेना. शेवटी आईला फोन केला आणि म्हटलं, हा चरण जरा म्हणून दाखव. तिने चालीवर म्हटला.

‘‘नि वर जोर देतेस का तू?’’ मी विचारलं.

‘‘छे. सोडूनि म्हणून झालं की मग द्यावें. मधे जरा फट आहे ना गं. जोर द्यायचा तर सोडूनिद्-द्यावें असं म्हणावं लागेल, आणि तसं कोण म्हणतं?’’

मी तो चरण लहानपणापासून शेकडो वेळा ऐकला होता, आणि त्यातली फट माझ्या कानावर कधी पडली नव्हती. मराठीत शब्दाच्या सुरुवातीचं जोडाक्षर मागच्या शब्दाच्या अखेरच्या अक्षराला सहसा जड करत नाही. पण ‘घनश्याम’सारख्या सामासिक शब्दात तेच जोडाक्षर शब्दाच्या पोटात येतं आणि ‘न’ गुरू होतो. ‘घनश्याम हा राम लावण्यरूपी’ त्याशिवाय बसतच नाही. म्हणजे शब्दांमधली मोकळी जागा हीसुद्धा माझ्या प्रोग्रॅमसाठी माहिती होती, आणि मी ती पहिल्याच ओळीत पुसून टाकत होते. वाचताना आपण जी विश्रांती घेतो ती मी कचरा समजून झाडली होती.

यातूनच पुढचा प्रश्न निघाला: शब्दाच्या आतलं जोडाक्षरही नेहमी भार टाकतं का? नाही. तुम्ही, उन्हात, तुझ्या, कळ्या या शब्दांत पहिल्या अक्षरावर आघात येत नाही, ते लघूच राहतं. नियम आघाताचा आहे, आणि आघात कानाला कळतो, अक्षरांच्या क्रमांकांतून दिसत नाही. इथे मी एक निर्णय घेतला. शेकडो कवितांवरून हे आपोआप शिकवणारी यंत्रणा बांधण्याचा मोह झाला होता, दिवसा मी तसलीच कामं करते. त्याऐवजी आई आणि मी रविवारी फोनवर शब्द म्हणून बघू लागलो. ती म्हणायची, मी यादीत लिहायचे. ती यादी अजून वाढते आहे, आणि या प्रकल्पाचा तो भाग मला सर्वांत प्रिय आहे.

दऱ्या आणि दर्या

ऱ ची गोष्ट तांत्रिक आहे, पण मराठीत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या प्रत्येकाला ती कधी ना कधी भेटते, म्हणून थोडं थांबून सांगते.

‘दर्या’ म्हणजे समुद्र. इथे र् य वर चढतो, द वर आघात येतो, द गुरू. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. इथे आघात नाही, द लघू. समुद्र की डोंगर हे त्या एका र च्या आकारावरून ठरतं आणि वृत्तही त्यावरच अवलंबून असतं. माझा प्रोग्रॅम मात्र ‘दऱ्या’ची तीन अक्षरं मोजत होता, आणि ऱ्या असलेली प्रत्येक ओळ एका अक्षराने लांब होत होती.

कारण असं निघालं. मजकूर एकसारखा करून घ्यावा म्हणून मी तो आधी एनएफडी रूपात आणत होते, म्हणजे प्रत्येक चिन्ह शक्य तितकं सुटं करत होते. युनिकोडमध्ये ऱ ला स्वतःची जागा आहे, पण त्याचं सुटं रूप ‘र आणि खाली नुक्ता (टिंब)’ असं ठरवलेलं आहे. त्यामुळे ऱ फुटला, नुक्ता मधे आला, माझ्या रेग्युलर एक्स्प्रेशनला तो ओळखीचा नव्हता आणि जोडाक्षर तुटलं. एनएफसी, म्हणजे सांधलेलं रूप, घेतल्यावर ऱ पुन्हा सांधला गेला. तरी काही मजकूर अडतच राहिला. हाच आकार दुसऱ्या मार्गानेही लिहिता येतो: साधा र, पाय मोडल्याची खूण, आणि मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. आता दोन्ही रूपं आत घेतानाच एक केली जातात आणि ऱ्य, ऱ्ह आले की आधीच्या अक्षरावर भार धरला जात नाही.

‘दुरुस्त’ केलेला श्लोक

हे सगळं झाल्यावरही अकराव्या श्लोकाचे दोन चरण पास होईनात. ‘जगी सर्व सुखी असा कोण आहे’ आणि ‘मना त्वांचि रे पूर्वसंचित केले’. छत्तिसाव्यातही असंच. तोवर प्रोग्रॅमवर माझा थोडा विश्वास बसला होता, म्हणून या वेळी कोड न उघडता घरातली जुनी छापील प्रत उघडली. तिथे होतं: सूखी. संचीत. सन्नीध.

रामदासांनी वृत्तासाठी स्वर लांबवले होते. म्हणताना आपणही सगळे ‘सूखी’च म्हणतो. मी ज्या फाइलवरून चाचणी घेत होते ती तयार करणाऱ्याने कोशातल्याप्रमाणे शब्द नीट केले होते. हेतू चांगलाच असणार. शुद्धलेखनाच्या नियमांत केशवसुतपूर्व काळातलं पद्य मुळाप्रमाणे छापावं असं स्पष्ट सांगितलेलं आहे, पण टाइप करताना बोटं सवयीने जातात आणि कॉम्प्युटरचा शुद्धलेखन-तपासनीसही तांबडी रेघ ओढतो. उलट दिशेचीही उदाहरणं दिसली: ‘भक्तिपंथेचि जावें’ मधला ‘चि’ आजच्या सवयीने ‘ची’ झाला की लघू हरवतो.

आता माझी स्वतःची चूक. या शोधाच्या उत्साहात मी प्रोग्रॅमला ‘सुधारणा’ नावाची सोय जोडली. ओळ अडली की तो एकेक ऱ्हस्वदीर्घ बदलून बघायचा आणि वृत्त जुळलं की फाइलमध्ये तो बदल लिहून टाकायचा. मनाच्या श्लोकांवर ते छान चाललं, कारण तिथे उत्तर आधीच ठाऊक होतं. मग मी तो इतर जुन्या कवितांच्या फाइलींवर सोडला. दोन दिवसांनी एक ओळ वाचताना खटकली. कवीने तिथे मुद्दाम मोडलेला भार माझ्या प्रोग्रॅमने इस्त्री करून सपाट केला होता. ज्या चुकीसाठी मी त्या अनोळखी टंकलेखकावर मनातल्या मनात नाराज होते, तीच मी शंभर पटींनी वेगाने केली होती. जुन्या आवृत्त्या गिटमध्ये (फाइलींतला प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या यंत्रणेत) सुरक्षित होत्या म्हणून सगळं परत आणता आलं. ती सोय मी त्याच रात्री काढून टाकली. आता प्रोग्रॅम मजकुराला हात लावत नाही. ‘हा चरण इथे अडतो, सहावं अक्षर लघू आहे’ एवढं सांगतो आणि थांबतो. छापील प्रत उघडायची की कवीचं स्वातंत्र्य मानायचं, हे वाचणाऱ्याने ठरवायचं.

जुन्या छपाईतल्या न उच्चारलेल्या अनुस्वारांनीही मला बरंच थांबवलं. ‘हंस’ पक्ष्यावरचा अनुस्वार उच्चारला जातो, ह गुरू. जुन्या पुस्तकात ‘हंसणें’ छापलेलं असतं, तिथे ह लघू, कारण तो टिंब फक्त डोळ्यांसाठी आहे. दोन्ही शब्दांची सुरुवात अक्षरशः एकच. यासाठी मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती, १८५७) जवळ ठेवावा लागला. एक शब्द बघायला म्हणून उघडायचे आणि तासाभराने तिसऱ्याच शब्दावर असायचे. या प्रकल्पातले बरेच तास असे गेले, आणि त्यांचा मला जराही पश्चात्ताप नाही.

प्रोग्रॅम बरोबर होता तेव्हा

मात्रावृत्तांकडे (यांत लघूची एक आणि गुरूच्या दोन मात्रा मोजतात) वळल्यावर पहिली ओळ घेतली ती सगळ्यांच्या तोंडची: ‘सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची । ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची’. आर्येबद्दलची ओळ आर्येतच असणार असं धरून चालले होते. आर्येच्या मात्रा १२, १८, १२, १५. प्रोग्रॅमने मोजल्या १२, १८, १२, १८ आणि सांगितलं: गीती.

एव्हाना माझ्या हाती पडणारी चूक बहुधा माझीच असायची, म्हणून मी कागदावर बोटं मोजत बसले. किं दोन, वा दोन, आ दोन, र्या दोन, म एक, यू दोन, र एक, पं दोन, ता दोन, ची दोन. अठराच. मग पुस्तकाकडे गेले. मोरोपंतांच्या ‘आर्या’ बहुतांशी गीतीच आहेत आणि छंदाच्या अभ्यासकांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. मला नव्हतं. ती ओळ मी भाषणांत ऐकली होती, निबंधात लिहिली होती, आणि तिच्या शेवटच्या तीन मात्रा कधी मोजल्या नव्हत्या. त्यानंतर मी मोरोपंत वाचायला घेतले. शाळेत दोन आर्या पाठ करून सोडलेला कवी वयाच्या चाळिशीजवळ पुन्हा हातात आला.

आज कुठे आहे

गणवृत्तं आणि मुख्य मात्रावृत्तं प्रोग्रॅम ओळखतो. अभंगाची अक्षरं मोजतो: ‘सुंदर तें ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनियां’ दिलं की सहा, सहा, सहा, चार सांगतो. ओवीपुढे तो गप्प राहतो. तिथे चरणांची लांबी सैल असते आणि गळा ती सांभाळून घेतो. जात्यावरच्या ओवीला आकड्यांत बसवायचा प्रयत्न मी केला नाही, करणारही नाही.

सध्याचं काम वेगळंच आहे. आजी गेल्यावर तिच्या ट्रंकेत एक वही सापडली. त्यात तिने हाताने उतरवलेले श्लोक, भूपाळ्या आणि कुणाची ते कळत नाही अशी काही पदं आहेत. आई वाचते, मी टाइप करते. अकरावा श्लोक आला तेव्हा आधी पान बघितलं. तिथे ‘सूखी’ होतं, दुसरा उकार ठसठशीत. मागच्या रविवारी एका पदात आम्ही अडलो. शब्दावर एक टिंब आहे. तो अनुस्वार धरला तर ओळ एका मात्रेने जास्त होते, नाही धरला तर बरोबर बसते. आई म्हणते शाईचा डाग आहे. मी पान खिडकीशी धरून बघितलं, कागदाच्या मागच्या बाजूने टाकाचा दाब जाणवतो. त्या ओळीची चाचणी मी नापासच ठेवली आहे. खाली टीप लिहिली: ‘टिंब मुद्दाम दिलेलं दिसतं. पदाची चाल कुणाला येत असेल तर विचारायचं.’ आईने साताऱ्याच्या मावशीला फोन लावला आहे.